फरा (खांद्यामागचं पसरट हाड) मोडला होता आणि पाच दिवस कळलंच नाही – माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात कराडहून साताऱ्याला येताना गाडी स्लिप झाली आणि मी डाव्या खांद्याच्या मागच्या बाजूवर आपटलो, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. जवळच्या हॉस्पिटलात छातीचा एक्सरे काढला, दोन बरगड्यांना क्रॅक निघाला, खांद्याला नुसता मुका मार आहे म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. पण हात काही केल्या वर जाईना. आडवं होता येईना म्हणून चार रात्री खुर्चीत बसून काढल्या, श्वास घेतला की पाठीत कळ यायची, आणि ते बरगड्यांचंच असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पाचव्या दिवशी मेव्हण्याने जबरदस्तीने दुसऱ्या ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शर्ट काढायला लावला, मागून फऱ्यावर एकेक बोट दाबत खाली आले आणि एका जागी मी ओरडलोच. मग तोच जुना एक्सरे लाइटवर धरला, बरगड्यांच्या आड एक पुसट तिरकी रेघ होती, दाखवल्यावर मलाही दिसली. लगेच खांद्याचा बाजूने एक्सरे काढला, त्यात फरा इंग्रजी वाय सारखा दिसतो, आणि सीटी स्कॅन. कॉम्प्युटरवर ते चित्र गोल फिरवून दाखवलं तेव्हा घशाला कोरड पडली. फऱ्याचा मधला भाग पत्र्यासारखा पातळ, आणि तो आडवा फाटलेला.

सगळ्या फ्रॅक्चरमध्ये हे फार तर १ टक्का असतं म्हणे, आणि जबर मार बसल्याशिवाय फरा मोडत नाही, म्हणून फुप्फुसाबाहेर हवा साठलीय का हे त्यांनी आधी बघितलं. नशिबाने नव्हती.

ऑपरेशन नको म्हटल्यावर आईला पटेचना, हाड मोडलंय आणि साधं प्लास्टरही नाही? डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, मावशी, फऱ्याच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंची गादी असते, रक्त भरपूर मिळतं, तो आपला आपण जुळतो. खांद्याची वाटी मोडून तिच्यात ४-५ मिलिमीटरची पायरी पडली असती किंवा तुकडे फार सरकले असते तर प्लेट टाकायचा विचार केला असता.

दोन आठवडे स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, मग ओट्याला टेकून वाकायचं आणि हात लोंबता सोडून जात्यासारखा गोल फिरवायचा. इथे माझं चुकलं. भीतीने मी स्लिंग आणखी दहा दिवस काढलीच नाही आणि खांदा पार आखडला, हाड सहा-सात आठवड्यांत जुळलं पण खांदा मोकळा करायला फिजिओताईंना पुढे तीन महिने लागले. तुमच्या घरात कुणाला असा मार लागला, एक्सरे नॉर्मल म्हणाले आणि तरी हात उचलत नसेल तर प्लीज फरा दाबून बघायला सांगा, आणि डॉक्टर म्हणतील त्या दिवशी स्लिंग काढा. माझा हात आता माळ्यापर्यंत जातो, डाव्या कुशीवर मात्र अजून झोपवत नाही.