कॉर्न्ड बीफ आणि कोबी, मंद आचेवर

मार्च लागला की बोस्टनच्या दुकानांत ब्रिस्केटचे, म्हणजे जनावराच्या छातीच्या मांसाचे, खारवलेले तुकडे मांडलेले दिसू लागतात. १७ मार्चला आयर्लंडचे संत सेंट पॅट्रिक यांचा सण, आणि इथल्या आयरिश वंशाच्या घरांत त्या दिवशी कॉर्न्ड बीफ, म्हणजे मिठात मुरवलेलं गोमांस, आणि कोबी हवाच. खुद्द आयर्लंडमधला गरीब माणूस मात्र डुकराचं मांस खायचा. कॉर्क बंदरातून खारवलेलं गोमांस जहाजं भरभरून परदेशी जायचं, घरच्यांना ते परवडत नसे. अमेरिकेत आल्यावर ब्रिस्केट स्वस्तात मिळू लागलं, न्यूयॉर्कमध्ये तर ज्यू खाटिकांकडे, आणि तेच सणाचं जेवण झालं. मी वसईच्या कॅथलिक घरातली. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हे आमच्याकडेही आहे. २०१७ आणि २०२३ साली हा सण नेमका शुक्रवारी आला, तेव्हा इथल्या अनेक बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली होती. एवढं या ताटाचं महत्त्व!

मी करड्या रंगाचं मांस घेते. नेहमीच्या कॉर्न्ड बीफचा गुलाबी रंग नायट्राइट या मांस टिकवणाऱ्या क्षारामुळे येतो. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या राज्यांत, नुसत्या मिठात मुरवलेलं करडं कॉर्न्ड बीफही मिळतं. ते दिसायला साधं, पण मांसाची चव त्यात जास्त कळते. मीठ भरपूर असतं, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात ठेवते आणि झोपण्यापूर्वी पाणी एकदा बदलते. खारे मासे भिजत घालणाऱ्या घरात वाढल्यामुळे हे कुणी सांगावं लागलं नाही.

सकाळी स्लो कुकरच्या, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याच्या, तळाशी बटाटे, गाजरं आणि सलगम, सगळे मोठे तुकडे. उष्णता तळातून आणि कडांतून येते आणि कंदमुळांना शिजायला वेळ लागतो, म्हणून त्यांची जागा खाली. वर दीड किलोचं मांस, चरबीची बाजू आभाळाकडे. मिरी, मोहरी, धणे, दोन लवंगा, तमालपत्र, एक कांदा. मांस जेमतेम बुडेल एवढंच पाणी. मीठ अजिबात नाही. ‘लो’वर आठ-नऊ तास, आणि झाकण उघडायचं नाही, प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ जाते आणि वेळ वाढतो.

ब्रिस्केट हे जनावराच्या सतत राबणाऱ्या स्नायूंचं मांस, त्यामुळे चिवट. घाईने उकळलं तर आक्रसतं आणि कोरडं पडतं. मंद आचेवर त्यातल्या चिवट तंतूंचं हळूहळू जिलेटिन होतं. सुरी सहज आत गेली की झालं. घड्याळापेक्षा मी सुरीवर विश्वास ठेवते.

माझ्या मते मात्र या जेवणाचा जीव त्या पाण्यात आहे. मांसातलं मीठ, चरबी, मसाला सगळं त्यात उतरतं आणि भाज्या तेच पितात. कोबी मी कुकरमध्ये घालतच नाही. देठ तसाच ठेवून मोठ्या फाका करते, म्हणजे पानं सुटत नाहीत, आणि कुकरमधलं थोडं पाणी वेगळ्या पातेल्यात घेऊन त्यात पंधरा मिनिटं शिजवते. दिवसभर शिजलेल्या कोबीला उग्र वास येतो. असा वेगळा शिजवलेला कोबी गोडसर लागतो, पानाला थोडा कणखरपणा राहतो, आणि वर लोण्याचा एक गोळा पुरतो. शेजारच्या आयरिश वंशाच्या आजींनी हीच रीत मला शिकवली. त्यांच्याकडे हा कोबी मांसाच्या आधी संपतो.

मांस बाहेर काढून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग रेषांना आडवं कापायचं. रेषांच्या दिशेने कापलं तर इतक्या तासांची मऊ शिजणी वाया जाते, दोरे चावल्यासारखं लागतं. सोबत झणझणीत मोहरीची चटणी किंवा किसलेलं हॉर्सरॅडिश, हे मुळ्यासारखं पण नाकात झिणझिण्या आणणारं मूळ.

उरलेलं मांस आणि बटाटे दुसऱ्या दिवशी बारीक चिरून, उकडलेलं बीट घालून तव्यावर खरपूस परततात. इथे त्याला ‘रेड फ्लॅनेल हॅश’ म्हणतात. राहिलेलं पाणी खारट असतं. त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून मी मसूर शिजवते.