आमची वाटचाल : स्पीकर कुणाचाही, आवाज तात्यांचा

आमच्या पाटीवर फर्मचं नाव वेगळं आहे, पण सांगलीत कापडपेठेत कुणालाही विचारा, ‘तात्यांचा स्पीकर’ म्हणूनच पत्ता सांगतील. तात्या म्हणजे माझे चुलते. भाड्यानं स्पीकर लावायचा हा धंदा त्यांनी काढला, नावारूपाला आणला आणि दोन-तीनदा बुडवायच्या बेतातही आणला. त्यामुळे फर्मबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्यांच्याबद्दल लिहिणं आलं.

मूळचे ते बँडवाले. लगीनसराईत क्लॅरोनेट, एरवी भजनी मंडळात पेटी. १९६३ साली सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांना पेटीवरच जायचं होतं. पण रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती आणि ती तेव्हाही उठली नव्हती. मग क्लॅरोनेट घेऊन ऑडिशनला गेले आणि पास झाले. एकदा रेडिओवर वाजवून आल्यावर गावात त्यांचा भाव असा वधारला, की बँडमालकाला ते झेपेनात. मानधनात उसनवारी घालून त्यांनी अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माईक आणि ट्रकची जुनी बॅटरी घेतली. आमचं पहिलं भांडवल ते.

भाड्याचे स्पीकर इतरांकडेही होते. पण माईक तपासताना तात्या ‘हॅलो, हॅलो’ कधी म्हणाले नाहीत. समोर कोण बसलंय ते बघून दोन ओळी तिथल्या तिथं जुळवायचे आणि मांडव हसायला लागायचा. त्यातूनच त्यांना कुस्तीच्या मैदानांची सुपारी यायला लागली. पोपटी कोट, केशरी फेटा, हातात माईक. पैलवानानं पाय धरून पट काढला की आवाज एकदम खाली, घिस्सा डाव बसला की चढा, आणि पाठ लागायच्या आत हलगीवाल्याला डोळ्यानं खूण. कॉलेजात असताना मी ॲम्प्लिफायरशी बसायचो. माझं काम एकच : तात्यांचा फेटा मागं झुकला की आवाजाचं बटण खाली घ्यायचं. पुढच्या क्षणाला ते असे काही ओरडायचे, की बटण वर राहिलं असतं तर कर्णा फाटलाच असता. लोक म्हणायचे, स्पीकर कुणाचाही चालंल, तात्या पाहिजेत. मालक म्हणून ऐकायला हे छान वाटतं. धंद्याच्या दृष्टीनं मला त्याची कायम धास्ती वाटायची.

कारण हिशेब. मयताच्या भजनाला पैसे घ्यायचे नाहीत, शाळेच्या गॅदरिंगला अर्धे, आणि ओळखीच्या माणसाला ‘बघू नंतर’. आणि सांगलीत त्यांच्या ओळखीचा नाही असा माणूस शोधावा लागायचा. बी.कॉम. होऊन मी दुकानात आलो, पावतीपुस्तक छापून घेतलं आणि बयाणा घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं ठरवलं. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी माईकवरून माझ्या पावतीपुस्तकावर कवन केलं. त्या मंडळानं बयाणा मुकाट्यानं दिला, हेही सांगायला हवं.

कॅसेटचा जमाना आला तेव्हा मागच्या खोलीत गाद्या ठोकून आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. भजनं, पोवाडे, निवडणुकीचा प्रचार. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. तात्यांना ती कधीच पुरली नाही. पुढं नव्वदच्या दशकात लोकल केबलवाल्यांनी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचा आणि फर्माइशींचा कार्यक्रम दिला. तोवर सांगलीला त्यांचा आवाज माहीत होता, आता कोटही माहीत झाले. गणपतीत मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण असलं की गच्चीवर कॅमेऱ्यासमोर रात्रभर उभे. मिरजेची विसर्जन मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते. तिथंही मधे खुर्ची मागायचे नाहीत.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० नंतर स्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. आमच्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी तरीही बेस-टॉपच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या डीजे स्पीकरच्या, भिंती उभ्या केल्या. मी त्यात पडलो नाही. तात्यांचं म्हणणं होतं, शब्द कळत नसेल तर माईक कशाला? तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं. पण सभा, कीर्तनं, बँकांच्या वार्षिक बैठका ही आज टिकलेली गिऱ्हाइकं स्वच्छ ऐकू येतं म्हणूनच आमच्याकडं येतात.

तात्या गेल्यावर दोन वर्षं फार कमी कामं आली. ते लिहिण्यासारखं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि कापडपेठेत शिरलं. ॲम्प्लिफायर वर नेले होते, कॅसेटचे खोके खालीच राहिले. पाणी उतरल्यावर एकेक कॅसेट घेतली : पाच स्क्रू काढायचे, फितीचं भेंडोळं स्वच्छ पाण्यात धरून गाळ सोडवायचा, पंख्याखाली सावलीत वाळवायचं, नव्या खोळीत बसवायचं आणि एका दमात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. दुसऱ्यांदा ती फीत चालेल याचा भरवसा नाही. घरच्या कॅसेट वाचवता वाचवता हात बसला, शेजारपाजारचे लोक आपल्या घेऊन यायला लागले, आणि आता लग्नाच्या, कीर्तनाच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट उतरवून देणं हा आमचा रीतसर धंदा आहे. बयाणा घेऊनच.

तात्यांची गाणी, जाहिराती, प्रचार बरंच सापडलं. कुस्तीचं समालोचन मात्र एकही नाही. मैदानात रेकॉर्डर लावायचं कुणाला सुचलंच नाही. तासगाव, पलूस, शिराळा भागात कुणी हौसेनं टेप केलेलं असेल, तर कॅसेट कशाही अवस्थेत असो, दुकानात आणून द्या. उतरवून मूळ कॅसेट परत देऊ. त्या कॅसेटला पैसे घेणार नाही.