डिस्प्लेचं काय करायचंय मला

दुकानात आलेल्या माणसाचा फोन हातात घेतला, की तो त्याचा काय उपयोग करतो हे मला बहुतेक वेळा न विचारता कळतं. कीपॅडच्या सेटवर टॉर्चचं बटण घासून गुळगुळीत झालेलं असतं आणि सात-आठ-नऊचे आकडे दुकानातून आणल्यासारखे कोरे असतात. स्पीकरच्या जाळीत तंबाखूचा चुरा निघाला तर फोन बंडीच्या खिशात चंचीशेजारी राहतो. माइकच्या भोकात पीठ असलं तर तो ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला असतो, भाकरी थापताना कीर्तन ऐकायला. चार्जिंग जॅक एकाच बाजूनं ढिला झाला असेल तर समजायचं, हा ट्रॅक्टरवर चार्ज होतो आणि गचके खातो.

मी जेऊरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवते. जेऊर म्हणजे करमाळा तालुका, पुणे-सोलापूर रेल्वेचं स्टेशन. पलीकडे उजनीचं बॅकवॉटर आणि त्याच्या जिवावर ऊस नि केळी. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक केलं तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "ताई, मिस्त्री कुठं गेलाय?" आता कुणी विचारत नाही.

ही गोष्ट एप्रिलमधल्या एका बाजाराच्या दिवसाची. सकाळपासून रांग. साखर कारखान्यातले एक भाऊसाहेब, फोन हँग होतो म्हणून आलेले. उघडून बघते तर सगळी मेमरी शुभ सकाळच्या चित्रांनी भरलेली, गुलाबाचं फूल आणि वर सुविचार. पुसू का विचारलं तर म्हणाले, "साहेबांनी पाठवलेली तेवढी ठेवा." एक कॉलेजचा पोरगा, महागडा सेकंडहँड फोन हप्त्यावर घेतलेला, काच फुटलेली. कॅमेरा चालतोय ना, एवढंच त्याला बघायचं होतं. आवाज जात नाही हे त्याला मी सांगितल्यावर कळलं. आणि एक आजी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण यूट्यूबवर माइकचं चिन्ह दाबून "हरिपाठ लाव" म्हणतात आणि तो लागतो. त्यांची तक्रार अशी की हल्ली मधेच बाया नाचतात. जाहिराती हो. त्याला माझ्याकडे औषध नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला तात्या आले. धोतर, टोपी, हातात रुमालाची पुरचुंडी. पुरचुंडीत कीपॅडचा सेट, त्याला चिकटलेले तांदळाचे दाणे. आदल्या संध्याकाळी शेततळ्यावर वाकले आणि खिशातून फोन पाण्यात. काढेपर्यंत पाचेक मिनिटं गेली. सुनेनं रात्रभर तांदळात ठेवला होता. हा तांदळाचा उपाय कुणी काढला माहीत नाही. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचं पीठ जॅकमध्ये जाऊन बसतं. पण सुनेनं एक चांगलं केलं होतं, फोन चार्जिंगला लावला नव्हता. ओला सेट चार्जिंगला लावला की माझं काम जवळपास संपलेलंच असतं.

"पोरी, साडेदहाला लाईट येतीया. तेवढ्यात चालू करून दे."

मी म्हटलं, तात्या, सिमकार्ड चांगलं असेल. दुसऱ्या सेटमध्ये टाकून देते, दोन मिनिटांचं काम. टाकलं, रेंज आली. माझा जुना नोकिया अकराशे त्यासाठीच ड्रॉवरमध्ये असतो. २००३ साली आलेला हा सेट, जगात पंचवीस कोटींच्या आसपास खपला. आमच्याकडे तो टॉर्चसाठी खपला असं माझं मत आहे. तात्यांनी तो हातात घेतला, दोन नंबरचं बटण बराच वेळ दाबून धरलं, कानाला लावला आणि परत दिला.

"लागत न्हाई."

तेव्हा उलगडा झाला. तात्यांना अक्षरओळख नाही. पोरानं त्यांना बटणं लावून दिली होती: दोन दाबून धरलं की मोटार, तीनला पोरगा, चारला लेक, पाचला डॉक्टर. नावं, नंबर, बटणं सगळं त्या भिजलेल्या सेटच्या मेमरीत, सिमवर काहीच नाही. आणि तात्यांना सगळ्यात आधी मोटार पाहिजे होती.

आमच्या भागाबाहेरच्यांना हे सांगायला लागेल. पाण्याच्या कडेला मोटार, तिथं स्टार्टरच्या पेटीत एक छोटं यंत्र, त्यात एक सिमकार्ड. त्या सिमला फोन केला की मोटार चालू, पुन्हा केला की बंद. काही यंत्रं नुसत्या मिस्ड कॉलवर चालतात, काही मराठीत बोलतात. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे यातलं जुनं आणि माहितीतलं नाव. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. आता बऱ्याच कंपन्यांची यंत्रं मिळतात. जुन्या पेट्या टू-जीवर चालतात आणि जिओला टू-जी नाही, त्यामुळे त्यांना जिओचं कार्ड लागू होत नाही. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी कार्ड चालू ठेवायला दर महिन्याचं रिचार्ज सक्तीचं केलं, तेव्हा एकामागोमाग एक शेतकरी दुकानात यायचे, "मोटारीचं कार्ड बंद पडलंय" म्हणून.

कुणी म्हणेल, लाईट आली की आपोआप चालू होणारा साधा ऑटो का नाही लावत? सगळ्यांनी लावला होता. मग लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठायच्या आणि डीपी जळायची. महावितरण दरवर्षी सांगतं, ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. तात्यांच्या डीपीवरच्या लोकांनी दोन उन्हाळे भोगल्यावर एकदाचे ऑटो काढले. आणि स्वतः जाऊन बटण दाबायचं म्हटलं तर उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं, मोटारी पाण्यामागं सरकवत न्यायच्या, पाइप वाढवत जायचं. तात्यांच्या रानापासून मोटार चार-पाच किलोमीटरवर. लाईट आठ तास आणि त्यात ती किती वेळा जाईल-येईल त्याचा भरवसा नाही. दर वेळी तिकडं कोण पळणार? त्यात रात्रीची पाळी आली की आणखी वेगळंच. २०२० च्या डिसेंबरात आमच्या तालुक्यात नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. त्याआधी तो उसातून, केळीतून फिरत होता. त्या हिवाळ्यानंतर मोबाईल स्टार्टर घेणारे वाढले, हे मी रिचार्जवरून सांगते.

तर मोटारीचा नंबर. तो कुणालाच ठाऊक नव्हता. कशाला असेल? मोटारीला तात्यांशिवाय कुणी फोन करत नाही. रिचार्ज पोरगा पुण्याहून करतो, म्हणजे माझ्या मशीनमध्येही नोंद नाही. पोराचा नंबर त्याच बंद फोनमध्ये. त्याच्या मित्राला शोधून काढलं, नंबर मिळाला, लावला; रिंग वाजून बंद. मित्र म्हणाला, तो चाकणला कंपनीत आहे, फोन आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये असतो. पाळी साडेतीनला सुटेल. तात्यांची केळी निसवलेली, घड सुटलेले, वर बेचाळीसचं ऊन. आदल्या दिवशी लाईनचं काम म्हणून लाईट नव्हती. आजचा दिवस त्यांना सोडायचा नव्हता.

भाऊसाहेबांना आणि कॉलेजच्या पोराला थांबायला सांगून मी तात्यांचा सेट उघडला.

पाण्यानं फोन मरत नाही, पाण्यात बॅटरी लावलेली राहिली की मरतो. करंट आणि क्षार एकत्र आले की बोर्डावर हिरवा गंज धरतो. जॅकच्या आजूबाजूला आणि डिस्प्लेच्या पत्त्यापाशी, म्हणजे डिस्प्ले बोर्डाला जोडणाऱ्या पातळ पट्टीपाशी, तो धरलेलाच होता. बोर्ड आयपीएनं, म्हणजे लगेच उडून जाणाऱ्या अल्कोहोलनं, ब्रश मारून धुतला, बटणांची शीट उचलून तिच्याखालचं पाणी पुसलं, हॉट एअर कमी करून वाळवला. बॅटरीऐवजी डीसी सप्लायला जोडला तर बटण न दाबताच करंट ओढायला लागला. म्हणजे शॉर्ट. अशा वेळी मी रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर देते: बोर्डावर पांढरी साय धरते, मग सप्लाय चालू केला की जो पार्ट शॉर्ट आहे तो तापतो आणि त्याच्यावरची साय आधी वितळते. तांदळाच्या कणीहून बारीक एक कॅपॅसिटर उघडा पडला. चिमट्यानं काढून टाकला. अशा जागचा कॅपॅसिटर नसला तरी सेट चालतो.

पुन्हा सप्लाय दिला. करंटचे आकडे शून्यावर. पॉवरचं बटण दाबलं, आकडे वर-खाली झाले, सेट थरथरला आणि चालू झाल्याची ट्यून वाजली. रांगेतले सगळे काउंटरवर वाकले.

डिस्प्ले मात्र नुसता पांढरा. पत्ता गंजानं खाल्ला होता. नोकिया असता तर भंगारातल्या एखाद्या सेटचा काढून लावला असता. हा कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, आणि अशा प्रत्येक सेटचा पत्ता वेगळा. मी तात्यांना म्हटलं, डिस्प्ले पुण्याहून मागवावा लागेल, चार दिवस लागतील.

"डिस्प्लेचं काय करायचंय मला?"

रांगेतला कॉलेजचा पोरगा हसला. मी हसले नाही, कारण ते खरंच होतं. या माणसानं त्या पडद्यावर कधी काही वाचलंच नव्हतं. कुणाचा फोन आला ते आवाजावरून कळतं. वेळ सूर्यावरून. बॅटरी संपत आली की टुंग वाजतं. दोन, तीन, चार, पाच आणि लाल-हिरवं बटण एवढाच त्यांचा फोन, आणि तेवढा जिवंत झाला होता.

एक अडचण होती. बॅटरी काढून बराच वेळ गेला की असले सेट चालू होताना तारीख-वेळ विचारतात, आणि ते दिसणार कुठं? मी अंदाजानं मधलं बटण दाबलं, एकदा, पुन्हा एकदा. मग लाल बटण, म्हणजे काही उघडं असेल तर बंद होईल. तात्यांचं सिम टाकलंच होतं. सेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन नंबर दाबून धरला. मी स्पीकरचं बटण कुठं असेल ते चाचपून दाबलं.

रिंग गेली. दुकानात बाजाराच्या दिवशी एवढी शांतता मी ऐकली नव्हती. मग एका बाईचा आवाज आला, एकदम शुद्ध मराठीत: नमस्कार, थ्री फेज वीज उपलब्ध नाही.

"अजून आली न्हाई," तात्या म्हणाले आणि बाकावर बसले.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी पुन्हा लावला. नमस्कार, थ्री फेज वीज उपलब्ध आहे, मोटार बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा. तात्यांनी एक दाबला. मोटार चालू झाली आहे. हरिपाठवाल्या आजी म्हणाल्या, "बघा, किती नीट बोलती. आमचा फोन असं बोलला असता तर?"

तात्या बंडीतून पैसे काढत म्हणाले, "डिस्प्ले न्हाई म्हटल्यावर निम्मं घे." घेतले निम्मे. तसं पाहिलं तर तासभर त्यांच्याच मागं गेला होता आणि शॉर्ट काढायचे मी एरवी जास्त घेते. पण रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि भाऊसाहेबही त्यांच्या बाजूनं बोलायला लागले.

तात्या जाताना मी त्यांच्या पोरासाठी निरोप ठेवला, नंबर कळव म्हणून. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यालाही पाठ नव्हता. त्याच्या फोनमध्ये 'मोटार बाबा' अशा नावानं होता. मी तो एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला आणि तात्या पुढच्या खेपेला आले तेव्हा दिला. त्यांनी तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायला गड्याला सांगितलं. मी म्हटलं, तात्या, पेटीपाशी गेल्यावर नंबर कशाला लागेल? ते म्हणाले, "मग कुठं चिकटवू?" शेवटी तो सुनेच्या फोनमध्ये घालून दिला. तेव्हापासून माझ्याकडे मोटारीचं रिचार्ज करायला कुणी आलं की मी वहीत नंबरापुढं नाव लिहून घेते. त्या वहीत आता 'बोअर वरचा', 'नदी', 'थोरल्याची मोटार' अशी गिऱ्हाइकं आहेत.

डिस्प्ले पोरानंच बसवायला लावला, सुट्टीवर आला तेव्हा. तात्यांचं म्हणणं होतं, चाललंय की. पुढच्या बाजारी ते तक्रार घेऊन हजर: आधी चार दिवस पुरायचं, आता चार्जिंग दोन दिवसांत उतरतं. मी सेटिंगमध्ये जाऊन उजेड कमी केला आणि लाईट पाच सेकंदांत बंद होईल असं केलं.

"आणखी कमी होत असंल तर कर," तात्या म्हणाले.