सर्व्हिसिंगनंतर एर्टिगा दम का देईना

आमची एर्टिगा २०१४ ची आहे, डिझेल, एमएच ४३ पासिंग. इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत असायचं तेच. एर्टिगात त्याचा ९० पीएसचा अवतार आहे, म्हणजे व्हेरिएबल टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलरवाला (ती हवा गार करणारी जाळी). टॉर्क १७५० आरपीएमला २०० न्यूटन मीटर. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस ६ नियम आले आणि मारुतीने डिझेलचं दुकानच बंद केलं, त्यामुळे ही विकून अशीच नवी आणायची सोय राहिलेली नाही. आहे ती जपायची. म्हणून ऑइल-फिल्टरची कामं मी ऐरोलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करते. सेक्रेटरींची अट एकच, लादीवर ऑइलचा थेंब दिसता कामा नये. निवडणुकीनंतर उतरवलेला एखादा फ्लेक्स खाली अंथरला की भागतं.

यावेळी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर असं सगळं एकदम काढलं होतं. काम झाल्यावर ऐरोली नाक्यापर्यंत चक्कर मारली. गाडी चालतेय, पण उचलत नाही. एरवी दुसऱ्या गिअरमध्ये काटा १८०० च्या पुढे सरकला की ही गाडी पाठीत एक रेटा देते. तो रेटाच गायब. पेडल तळाला टेकवलं तरी ती आपल्या चालीने निघालेली, आणि आरशात पाहावं तर मागे काळा धूर. बाकी सगळं जागेवर. एका सेल्फला सुरू होतेय, आयडलिंग गुळगुळीत, इंजिनचा पिवळा दिवा विझलेला.

घरी आल्यावर सल्ल्यांना सुरुवात झाली. सासरे म्हणाले, "डिझेलमध्ये भेसळ असणार, तू पंप बदल." त्यांच्या मते गाडीचे सगळे आजार पंपावरून येतात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "प्लग साफ केलेस का?" डिझेलला स्पार्क प्लग नसतात, असतात ते ग्लो प्लग, आणि त्यांचं काम थंड इंजिन सुरू करण्यापुरतं. मुलाने मोबाइलवर शोधून तीन-चार व्हिडिओ पुढे केले. सगळे पेट्रोल गाड्यांचे.

पेट्रोल आणि डिझेलची इथे फार गल्लत होते. हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीत सेन्सरच्या पुढे पाइप फाटला, तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी आयडलिंगला हुकायला लागते. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या पुढे पाइप फाटला, तर उलटा कारभार. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच बाहेर पडते. कॉम्प्युटर समजतो की ती सिलिंडरमध्ये पोचली, त्या हिशोबाने डिझेल सोडतो, आणि जळायला हवा न मिळालेलं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून निघतं. म्हणून काळा धूर. पेट्रोलचे व्हिडिओ पाहून डिझेलची गाडी उघडणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

माझी नोकरी रबाळे एमआयडीसीत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. दिवसभर प्रेशर गेज, ट्रान्समीटर आणि त्यांच्या खोट्या रीडिंगांशी भांडण. तिथला रिवाज असा, की शटडाउननंतर प्लांट नीट चालला नाही तर शटडाउनमध्ये ज्याला हात लागला ते आधी तपासायचं. नवा रोग नंतर शोधायचा. सकाळी धावणाऱ्या गाडीचा टर्बो नेमका त्याच दुपारी मरावा, असं होऊ शकतं. पण मी त्यावर पैसे लावणार नाही.

हात कशाकशाला लागला होता? डिझेल फिल्टरला. तो बदलताना लाइनमध्ये हवा अडकते आणि हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबून ती काढावी लागते. पण हवा राहिली असती तर गाडी सुरू व्हायला कुरकुरली असती, मध्येच हुकली असती, बंदही पडली असती. आणि डिझेलच कमी पडत असेल तर काळा धूर कुठून येणार? ऑइलचं म्हणाल तर डिपस्टिक दोन खुणांच्या मध्ये, मुद्दा संपला. क्लच घसरत असता तर आरपीएम चढला असता आणि स्पीड मागे राहिला असता. इथे दोघेही एकमेकांना धरून रेंगाळत होते. उरली हवेची बाजू. फिल्टरचा डबा परत उघडला. फडकं आत राहिलेलं नाही, फिल्टरची रबरी कड बरोबर बसलेली, सेन्सरचा सॉकेट टक् आवाज करून लागलेला. व्हेरिएबल टर्बोला एक बारीक व्हॅक्यूमची नळी असते, ती निसटली तरी पिकअप जातो. तेही पाहिलं. इंजिन सुरू करताच टर्बोवरचा दांडा आत ओढला जातोय, म्हणजे नळी शाबूत.

मध्यंतरी जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवून आले. मेस्त्रींनी बोनेट उघडून उभ्या गाडीला रेस दिली, कान लावला आणि म्हणाले, "ताई, टर्बो गेला. उतरवावा लागेल." किती, तर जो आकडा सांगितला त्यात चारही टायर नवे आले असते. माणूस वाईट नाही, पण उभ्या गाडीला रेस देऊन टर्बोचा निकाल लावता येत नाही. लोड नसेल तर डिझेल इंजिन फारच थोडं डिझेल पितं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसमध्ये जोर नसतो, टर्बो नुसता फिरत राहतो आणि म्हणावा तसा दाब तयारच होत नाही. जो दाब नाही तो गळणार कुठून? त्यामुळे चांगला टर्बो आणि फाटका पाइप, दोन्ही उभ्या गाडीत सारखेच दिसतात.

म्हणजे लोड द्यायला हवा, आणि नवी मुंबईत लोड द्यायचा तर महापे-शिळफाटा रस्त्याचा चढ. रविवारी पहाटे निघालो. इतर वेळी तिथे ट्रेलरमागे ट्रेलर लागलेले असतात आणि पूर्ण पेडल दाबायचा प्रश्नच येत नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायच्या, सॉकेटमध्ये ब्लूटूथचा स्वस्तातला डोंगल लावला, मोबाइल मुलाच्या हातात. माझं काम गाडी चालवणं, त्याचं फक्त आकडे वाचणं. हे एकट्याने करू नये. एक डोळा स्क्रीनवर ठेवून घाट चढणारे मग पेपरात येतात.

आकडे दोनच पाहायचे होते. एक, इंजिनच्या तोंडाशी हवेचा दाब, म्हणजे मॅप. दुसरा, फिल्टरमधून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत जातेय, म्हणजे मॅफ. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली तेव्हा मॅप १०० किलोपास्कल दाखवत होता. खाडीकाठी एवढाच असतो, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. (लोणावळ्यात हाच आकडा सहा-सातने कमी दिसेल, तेव्हा घाबरू नका.) चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमला पेडल पूर्ण दाबलं.

"आई, मॅप एकशे बारा. एकशे पंधरा. एकशे पंधराच."

"आणि मॅफ?"

"पंचेचाळीस."

निरोगी टर्बोने इथे मॅप दीडशेच्या पुढे सहज न्यायला हवा होता. पण माझं लक्ष दोन आकड्यांच्या भांडणाकडे गेलं. १२४८ सीसीचं इंजिन २५०० आरपीएमला मिनिटाला १२५० वेळा पोट भरून हवा घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण २६ लिटर. टर्बोची मदत नसेल तर त्या हवेचं वजन, सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरून, पंचवीस ग्रॅमच्या आसपास. दाब ११५ असेल तर तीसच्या आत-बाहेर. आणि सेन्सर सांगतोय पंचेचाळीस. म्हणजे जवळपास एक तृतीयांश हवा फिल्टरमधून आत गेली, मोजली गेली आणि इंजिनपर्यंत आलीच नाही. टर्बो मेला असता तर मॅफही पडला असता. उलट तो बिचारा जीव तोडून हवा ढकलत होता आणि ती वाटेत पळत होती. स्कॅनरमध्ये पी०२९९ हा कोडही होता, टर्बोचा दाब कमी पडल्याचा, पण पेंडिंगमध्ये. पेंडिंग कोड पुन्हा पुन्हा आल्याशिवाय दिवा पेटवत नाही. दिव्याच्या भरवशावर राहणाऱ्यांना हे माहीत असलेलं बरं.

आता भोक शोधायचं. बोनेट उघडून बघण्यात अर्थ नव्हता, कारण दाब नसताना चीर मिटलेली असते. त्यासाठी एक बूच बनवलं. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपची टोपी आणली, सेन्सरच्या पुढच्या रबरी पाइपात घट्ट बसेल अशी. मधोमध साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पंक्चरवाल्याकडून ट्युबलेस टायरचा व्हॉल्व्ह आणून त्यात ओढून बसवला. पंक्चरवाल्याने विचारलं, "कुठल्या टायरला?" मी म्हटलं, "इंजिनला." त्याने पैसे घेताना माझ्याकडे दोनदा पाहिलं. एअर फिल्टरचा डबा बाजूला करून बूच पाइपात बसवलं, वरून होज क्लिप आवळली. इंजिनमधली वाफ परत आणणारी जी नळी या पाइपला मिळते तिचं तोंडही बंद करावं लागतं, नाहीतर सगळी हवा ऑइलच्या बाजूला जाते आणि सील फुगतात. मग पायपंप. दाब अर्धा किलोपर्यंतच, म्हणजे सात पीएसआयच्या आसपास. टायरसारखा तीस भराल तर जे फाटलेलं नाही तेही फाटेल. इंजिन पूर्ण थंड, किल्ली माझ्या खिशात. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या एखाद्या सिलिंडरमधून थोडी हवा कुठेतरी सुटतेच, त्यामुळे गेजचा काटा हळूहळू खाली येणं साहजिक आहे. इथे काटा हळूहळू येत नव्हता, पाय उचलला की पडत होता.

भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून मुलगा पाइपांवर मारत गेला. वरून काही नाही. सांध्यांवर काही नाही. मग मी इंटरकूलरकडून इंजिनकडे येणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या खालून हात घातला, आणि बोटांना गार वारा लागला. आरसा आणि टॉर्च धरून पाहिलं. क्लिपच्या कडेपासून बोटभर आत, पाइपाच्या पोटाला आडवी चीर, करंगळीच्या पेराएवढी. फेस तिथे फसफसत होता. पाय थांबवला की चीर मिटायची, आणि वर नुसती ओलसर काळी रेघ राहायची. रेघेभोवती धूळ चिकटून राप बसला होता. ती खूण आधी दिसली असती तर महाप्यापर्यंत जावंच लागलं नसतं: टर्बोच्या पाइपातून थोडं ऑइल धुक्यासारखं वाहत असतंच, आणि गळती असेल तिथे ते बाहेर येऊन धूळ धरतं.

दहा-बारा वर्षं आतून ऑइल आणि बाहेरून इंजिनची धग सोसलेलं रबर. दाबून पाहिलं तर एका जागी फुगून लिबलिबीत, दुसऱ्या जागी कडक. ऑइल फिल्टरपर्यंत हात जावा म्हणून हा पाइप जरा बाजूला वाकवला होता, तेवढं निमित्त पुरलं. नाही वाकवला तर पुढच्या मे महिन्यात गावाला जाताना कशेडीत फुटला असता, गाडीत सात माणसं आणि टपावर फणस असताना.

पाइप मिळवायला मात्र खेटे पडले. इकडच्या दुकानांत "ऑर्डर टाकावी लागेल" हेच उत्तर. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने पाइप ढिगाने दिसतात, पण रबराचा जुना माल घेऊ नका. तुमचा जेवढा म्हातारा, तेवढाच तोही. शेवटी नवा ऑर्डरच केला. तोवर चिरेवर सिलिकॉनची सेल्फ-फ्यूजिंग (गोंदाशिवाय स्वतःलाच चिकटणारी) टेप ओढून गुंडाळली आणि गाडी नोकरीपुरती, हलक्या पायाने वापरली. साधी इन्शुलेशन टेप लावू नका, तिचा गोंद धगीने वितळतो आणि पाइपाची टोकं कायमची चिकट होतात. नवा पाइप चढवताना दोन्ही तोंडांवरचं ऑइल पुसून कोरडं करायचं, नाहीतर दाब आला की तो क्लिपमधून सरकून बाहेर येतो. क्लिप कडेला टेकवून नाही, थोडी आत. आवळायची बेताने, रबर क्लिपच्या फटींतून वर येईपर्यंत नव्हे.

मग बुचाने परत अर्धा किलो भरला. काटा यावेळी सावकाश खाली आला. कोड पुसला आणि पुन्हा महाप्याचा चढ. मुलगा वाचत गेला: एकशे चाळीस, एकशे सत्तर, दोनशे, दोनशेच्या वर. धूर पहिल्या चढाला थोडा निघाला, आत साचलेली काजळी असावी, नंतर आरसा स्वच्छ. त्या गॅरेजवरून जाताना थांबून मेस्त्रींना पाइप दाखवला. त्यांनी चीर बोटांनी उघडून पाहिली आणि विचारलं, "ते बूच देता का, ताई, दोन दिवस? एक एक्सयूव्ही आलीये, तिचंही असंच आहे." दिलं. माझ्या मापाचं बूच त्या पाइपाला बसणार नाही हे सांगितलं, पण नमुना म्हणून नेलं त्यांनी.

एक गोष्ट मात्र होती तशीच आहे. १५०० च्या खाली दुसऱ्या गिअरमध्ये ही गाडी आळशी आहे, ऐरोली नाक्याच्या सिग्नलला रोज जाणवतं. तो टर्बो लॅग, म्हणजे टर्बोला दाब धरायला लागणारा वेळ, जन्मापासूनचा. त्यावर उपाय विचारायला मला मेसेज करू नका. पहिला गिअर टाका.