आकडा जुळला तरी कपॅसिटर गेलेला असू शकतो

मुंबईच्या घरात पंखा बाराही महिने फिरतो, त्यामुळे कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवून ठेवणारा भाग, तपासायची वेळ बहुतेकांवर पहिल्यांदा पंख्यामुळे येते. नंतर पाण्याचा पंप, एसी, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. या सगळ्यांत कपॅसिटर असतात, पण ते एका जातीचे नसतात आणि एका पद्धतीने बिघडतही नाहीत. मल्टीमीटर लावला, लेबलवरचा आकडा आला, म्हणजे माल चांगला, हे पंख्याच्या कपॅसिटरबाबत जवळजवळ खरं आहे. अडॅप्टरमधल्या इलेक्ट्रोलिटिकबाबत (आत द्रव असलेल्या कपॅसिटरबाबत) मात्र ते साफ चुकीचं ठरू शकतं. म्हणून हातात कोणत्या जातीचा कपॅसिटर आहे, हे आधी बघायचं आणि मग मीटरवर किती विश्वास टाकायचा ते ठरवायचं.

त्याच्याही आधी डिस्चार्ज, म्हणजे आत साठलेला चार्ज काढून टाकणं. स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा किंवा एमसीबी पाडा. आपले २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. त्या व्होल्टेजला एसएमपीएसमधला (अडॅप्टरसारख्या स्विचिंग पॉवर सप्लायमधला) १०० मायक्रोफॅरडचा (मायक्रोफॅरड हे कपॅसिटन्सचं, म्हणजे साठवणक्षमतेचं माप) कपॅसिटर ५ ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा धरून बसलेला असतो. पंख्याच्या २.५ मायक्रोफॅरडमध्ये ती जेमतेम ०.१३ ज्यूल, पण तो झटका स्टुलावर उभं असताना बसतो आणि खरी इजा खाली पडून होते. स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनल शॉर्ट करायची सवय मोडायलाच हवी. ठिणगीने टर्मिनल खराब होतं, शिवाय त्या क्षणाच्या प्रचंड करंटने कपॅसिटरच्या आतले जोड ढिले पडतात. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही पायांना इन्सुलेशन असलेल्या वायरी जोडा आणि तो दहा सेकंद टर्मिनलवर धरा. १०० मायक्रोफॅरडला पाच सेकंदांतच १ टक्क्याच्या आत व्होल्टेज उरतं. मग मीटर डीसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून खात्री करा. मोठ्या कपॅसिटरवर काही मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या इन्सुलेशनच्या थरात) मुरलेला चार्ज हळूहळू टर्मिनलवर परत येतो. चार्ज असलेला कपॅसिटर कपॅसिटन्सच्या रेंजवर लावला तर मीटरचा फ्यूज उडतो, किंवा थेट आतली आयसी जाते.

आता मीटर. पिवळ्या रंगाचा छोटा ८३० जातीचा मीटर घरोघरी असतो, त्याला कपॅसिटन्सची रेंजच नसते. ९२०५ जातीच्या मोठ्या मीटरला असते, पण त्याची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे २० किंवा २०० मायक्रोफॅरड. त्याच्यावर ४७० मायक्रोफॅरड लावून डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला, तर कपॅसिटरचा काही दोष नाही, रेंज संपली आहे. मोठ्या व्हॅल्यूला आकडा स्थिरावायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबा. आणि कपॅसिटरचे पाय दोन्ही हातांच्या बोटांत धरून मोजू नका. अंगाचा रेझिस्टन्स समांतर येतो आणि लहान व्हॅल्यूचा आकडा बिघडतो.

८३० वरही ओहमच्या रेंजने बरंच कळतं. पंख्याच्या कपॅसिटरला २००० के रेंज लावा. आकडा खालून झरझर चढत जाऊन १ वर गेला पाहिजे. मग प्रोब उलटे करा: आधी भरलेला चार्ज असल्यामुळे आकडा क्षणभर उणे दाखवेल आणि पुन्हा चढेल. असं झालं तर कपॅसिटर चार्ज घेतोय आणि धरतोय. आकडा शून्याजवळ अडकला तर आत शॉर्ट आहे. मधेच कुठेतरी थबकला तर लीकेज, म्हणजे चार्ज आतून गळतोय. आणि काहीच हालचाल न होता पहिल्या क्षणापासून १ असेल तर आतून तुटलेला. व्हॅल्यू किती उरली, हे मात्र या चाचणीत कळत नाही. ०.१ मायक्रोफॅरडच्या खाली तर चार्जिंग इतकं झटपट होतं की आकडा चढताना दिसतही नाही. काट्याचा ॲनालॉग मीटर असेल तर इलेक्ट्रोलिटिक लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ओहमच्या रेंजवर बहुतेक काटेवाल्या मीटरांत काळा प्रोब पॉझिटिव्ह असतो, डिजिटलमध्ये लाल.

पंख्याकडे येऊ. त्याचा कपॅसिटर बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी, टॉलरन्स (चालणारा फरक) ५ टक्के. म्हणजे २.५ वाला नवा असताना २.३८ ते २.६२ दरम्यान यायला हवा. मोजण्याआधी दोन्ही वायरी सोडवा, नाहीतर मोटरचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) समांतर राहतं आणि आकड्याला अर्थ उरत नाही. लेबलपेक्षा १० टक्के खाली गेलेला कपॅसिटर मी बदलाच म्हणेन. २ च्या खाली तर विचारच करायला नको, कारण तोवर पंख्याचा वेग डोळ्यांना जाणवण्याइतका उतरलेला असतो.

हा आकडा इतका भरवशाचा का? या कपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. व्होल्टेजच्या उसळीने फिल्मला भोक पडलं की त्याभोवतीचा धातू जळून उडून जातो आणि शॉर्ट आपोआप सुटतो. कपॅसिटर वाचतो, पण तेवढं क्षेत्रफळ कायमचं गेलं. असं शेकडो वेळा झालं की व्हॅल्यू उतरते. इथल्या दमट हवेची त्यात भर पडते: टोकाचं रेझिन तडकलं असेल तर ओल आत शिरते आणि धातूचा थर कडेपासून खात येते. म्हणजे मीटरवरचा उतरलेला आकडा हे थेट गेलेल्या क्षेत्रफळाचं माप आहे. फक्त मीटरचं स्वतःचं व्होल्टेज अगदी कमी असल्याने ४०० व्होल्टला होणारं लीकेज त्याला दिसत नाही. डबी फुगलेली, वितळलेली किंवा काळवंडलेली असेल तर आकडा कितीही बरोबर येवो, ती कचऱ्यात टाका.

पंखा नुसता गुणगुणत असेल, आणि लांब काठीने ढकलल्यावर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरू लागत असेल, तर कपॅसिटर किंवा त्याची वायर तुटलेली आहे. ५ वर वेग चांगला पण १ ते ४ वर काहीतरी गडबड असेल, तर पंख्याला हात लावू नका. स्टेपच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही छोटे कपॅसिटर असतात, ५ वर ते बाजूला होऊन थेट सप्लाय मिळतो, तेव्हा दोष तिथे आहे. कपॅसिटर ठीक निघाला तर वीज बंद करून पाती हाताने फिरवा. लगेच थांबली तर बेअरिंग. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या) पंख्यात हा कपॅसिटर नसतोच. आणि वेग वाढावा म्हणून २.५ च्या जागी ३.१५ बसवू नका. ऑक्झिलरी (कपॅसिटरला जोडलेल्या दुसऱ्या) वाइंडिंगचा करंट वाढतो, पंखा तापतो आणि वाइंडिंगचं आयुष्य घटतं.

पंपाचा कपॅसिटरही बहुधा याच जातीचा, फक्त व्हॅल्यू मोठी; ती नेमकी किती ते लेबलवरूनच घ्या. पाण्याच्या वेळेला पंप हुंकारतोय पण फिरत नाही, असं दिसलं की लगेच बंद करा. अडलेल्या मोटरचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो आणि वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. इथे कपॅसिटर मोजण्याआधी त्याच्या टर्मिनलवर खोचलेल्या वायरींच्या धातूच्या टोप्या काढून बघा. टाकीजवळच्या ओलीने आणि खाऱ्या हवेने त्या काळ्याहिरव्या पडतात, संपर्क तुटतो आणि लक्षणं हुबेहूब कपॅसिटर गेल्यासारखी दिसतात.

एसीच्या कंप्रेसरचा कपॅसिटर न काढता, चालू असतानाही तपासता येतो. चालू लाइनवर काम करायची सवय ज्याला आहे त्यानेच हे करावं. क्लॅम्प मीटरने कपॅसिटरच्या वायरीतला करंट मोजा आणि कपॅसिटरच्या दोन टर्मिनलमधलं एसी व्होल्टेज मोजा. ते मेन्सपेक्षा बरंच जास्त येतं. मग ३१८३ गुणिले अँपिअर, भागिले व्होल्ट: उत्तर मायक्रोफॅरडमध्ये. हा ३१८३ आपल्या ५० हर्ट्झवरून येतो. समजा ४.६ अँपिअर आणि ३७० व्होल्ट आले, तर ३९.६ मायक्रोफॅरड. लेबलवर ४५ असेल तर १२ टक्के उतरला, बदला. एकाच डबीत दोन कपॅसिटर असतील तर काढून मोजताना एक प्रोब कायम सी (कॉमन) टर्मिनलवर ठेवा. बाकीच्या दोन टर्मिनलमध्ये मोजलं तर दोन्ही सिरीजमध्ये येतात. ४५ आणि ५ ची जोडी ४.५ दाखवते आणि चांगला कपॅसिटर उगाच फेकला जातो.

इथपर्यंत मीटर खरं बोलतो. इलेक्ट्रोलिटिकमध्ये चित्र बदलतं.

त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये द्रव भिजवलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव सुकत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, वाढतो. व्हॅल्यू बऱ्याचदा नंतर उतरते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या चांगल्या लो ईएसआर कपॅसिटरमध्ये हा रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या खाली असतो. तो १ ओहम झाला, तरी मीटर ९०० दाखवेल, कारण मीटर सावकाश चार्ज करून मोजतो आणि त्या वेगाला १ ओहम नगण्य असतो. पण एसएमपीएस हजारो हर्ट्झवर चालतो. तिथे १ अँपिअरच्या रिपल (सतत चढउतार होणाऱ्या) करंटला १ ओहमवर १ व्होल्टचा रिपल उभा राहतो, आणि सेट टॉप बॉक्स दर थोड्या वेळाने स्वतःच बंद होऊन चालू होत राहतो. टॉलरन्स २० टक्के असल्याने ९०० हा आकडा कागदोपत्री उत्तीर्णच.

उलट गंमत म्हणजे आकडा जास्त आला तरी संशय घ्यावा लागतो. लीकेज असलेल्या कपॅसिटरला भरायला वेळ जास्त लागतो आणि साधा मीटर त्या वेळेलाच कपॅसिटन्स समजतो. लेबलपेक्षा ३० टक्के जास्त आकडा आला तर तो सज्जड कपॅसिटर नव्हे, गळका आहे.

म्हणून आधी डोळे. वरचा खाचांचा भाग सपाट हवा. फुगवटा, तपकिरी डाग, बुडाशी ओल दिसली तर मोजायची गरज नाही. मग एक पाय बोर्डावरून सोडवून व्हॅल्यू घ्या. बोर्डावर ठेवून मोजलं तर समांतर जोडलेले बाकीचे कपॅसिटर त्यात मिळतात आणि मेलेला कपॅसिटर शेजाऱ्यांच्या जिवावर पास होतो. ईएसआरसाठी टी४ जातीचा स्वस्त कॉम्पोनंट टेस्टर घेतलात तर उत्तमच. तो नसेल तर त्याच व्हॅल्यूचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा कपॅसिटर पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) सांभाळून संशयिताला समांतर जोडा आणि अडॅप्टर लोडवर (उपकरण जोडून) चालवा. तक्रार गेली तर जुना खराब. वीज काढून, डिस्चार्ज करूनच जोडायचं, आणि हे फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. ३२५ व्होल्टच्या बाजूला नाही. अडॅप्टरचं व्होल्टेजही लोड लावूनच मोजा. मोकळा असताना १२ दाखवणारा अडॅप्टर लोडवर ९ ला आला, की निदान जवळपास झालं.

हे कपॅसिटर किती टिकतात, ते तापमानावर ठरतं. १०५ अंशांना २००० तास असं रेटिंग असेल, तर दर १० अंश खाली आल्यावर आयुष्य साधारण दुप्पट होतं. ८५ अंशांना ८००० तास, म्हणजे दिवसरात्र चालवल्यास वर्षही नाही. ६५ अंशांना ३२००० तास, साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. अडॅप्टर टीव्हीच्या बंद कपाटामागे कोंबण्याऐवजी उघड्या बोर्डावर लावला, तर एवढ्यानेच आयुष्य कितीतरी वाढतं.

बदलायला लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलात तर जुना कपॅसिटर सोबत न्या. व्हॅल्यू तीच, व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वर, १०५ अंश, एसएमपीएससाठी लो ईएसआर, आणि उंची-जाडी केसमध्ये मावेल अशी. मीटर खिशात असेल तर काउंटरवरच व्हॅल्यू मोजून घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक नवा असूनही गळका असू शकतो, कारण वापराविना त्याच्या पट्टीवरचा, इन्सुलेशनचं काम करणारा ऑक्साइडचा थर विरतो. घरी आणल्यावर त्याला १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून लेबलवरचं व्होल्टेज द्या आणि रेझिस्टरच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टला दोन मिनिटांनी २५० मायक्रोअँपिअरपर्यंत लीकेज चालतं, म्हणजे रेझिस्टरवर २.५ व्होल्ट. त्याहून जास्त असेल पण आकडा उतरत असेल, तर तासदोन तास तसाच लावून ठेवा. थर पुन्हा तयार होतोय. आकडा उतरायचा थांबला आणि अजून वरच असेल, तर तो कपॅसिटर बोर्डावर बसवू नका.