दहा मिनिटं पुढे

परवा दुपारी घड्याळाचा सेल बदलायला शेजारचा मुलगा स्टुलावर चढला आणि काटे फिरवता फिरवता म्हणाला, "काकू, किती पुढे ठेवू?" पुढे ठेवायचं का, हा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "दहा."

घड्याळ पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, प्रत्येकजण मनातल्या मनात दहा वजा करतो आणि व्हायचा तेवढा उशीर होतोच. माहेरी पंधरा मिनिटं पुढे असायचं. म्हणजे लग्नानंतर माझी प्रगतीच म्हणायची.

आजोबा गिरगावातले. त्यांच्या काळात मुंबईत दोन वेळा नांदत होत्या, एक स्टँडर्ड टाइम आणि दुसरी तिच्या 39 मिनिटं मागची मुंबई टाइम. अगदी 1955 पर्यंत. कुणी "आठला येतो" म्हणालं की "कुठले आठ?" असं विचारावं लागायचं. हे सांगताना आजोबा इतके खूश दिसत, की उशिराची एवढी भक्कम सबब हातची गेल्याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत असावं.

मुलं लहान असताना नाताळच्या सुट्टीत आम्ही फ्रान्सला गेलो, तेव्हा असाच दुहेरी कारभार होता. आम्ही पॅरिसच्या वेळेवर, मुलं पुण्याच्या. साडेचार तासांचा फरक. पहाटे साडेतीनला धाकटा टक्क जागा होऊन दूध मागे. बाहेर साडेआठपर्यंत अंधार. मग थर्मल, स्वेटर, जाकीट, कानटोपी, हातमोजे असा सगळा साज चढवून दाराशी पोचावं, की "आई, शू." संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा अंधार. मधल्या उजेडात काय पाहिलं? मुलांना विचाराल तर मेरी-गो-राउंड. एक टॉवरजवळचं, एक नदीकाठचं, एक कुठल्याशा चौकातलं. टॉवरही होता म्हणे तिथे.

ओर्से संग्रहालय मात्र त्यांना आवडलं. ते मुळात रेल्वे स्टेशन, 1900 सालचं. वरच्या मजल्यावर काचेचं प्रचंड घड्याळ आहे आणि आपण त्याच्या पाठीमागे उभे असतो. थोरलीनं बराच वेळ पाहून सांगितलं, "आई, हे उलटं चालतंय." पलीकडे सीन नदी, मागे जगप्रसिद्ध चित्रं, आणि आम्ही घड्याळाची पाठ बघत उभे.

फ्रान्सच्या स्टेशनांची एक जुनी गंमत मला नंतर कळली. 1911 पर्यंत तिथे स्टेशनाबाहेरचं घड्याळ बरोबर असायचं आणि आतलं मुद्दाम पाच मिनिटं मागे. गाडी सुटायची आतल्या घड्याळाप्रमाणे. धावतपळत येणाऱ्याला सरकारमान्य पाच मिनिटं! आमचे बाबा गाडीच्या तासभर आधी फलाटावर जाऊन बसणारे, त्यांना हे ऐकूनच घेरी आली असती. पुढे 1911 मध्ये फ्रान्सनं ग्रिनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात तसं लिहिलं नाही. लिहिलं काय, तर पॅरिसची वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे केलेली. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशातली गत. हा ताठा मला फार आवडतो. आता मात्र लाड संपले. वेगवान गाडीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधीच बंद होतात. त्यामुळे स्ट्रासबुर्गला निघताना नवरा बाबांचा जावई शोभला. पॅरिसहून पावणेदोन तासांचा प्रवास आणि जवळजवळ तेवढाच वेळ आम्ही फलाटावर.

स्ट्रासबुर्गचा नाताळबाजार 1570 पासून भरतो. पण गर्दीत मुलांना दिसतात ती फक्त लोकांची जाकिटं, म्हणून आम्ही कॅथेड्रलमध्ये शिरलो. तिथलं खगोलीय घड्याळ ऐन दुपारी बाराचा सोहळा साडेबाराला करतं, कारण ते अजून गावच्या जुन्या सूर्यवेळेवर चालतं, देशाच्या अर्धा तास मागे. आजोबा असते तर त्यांनी त्याला हात जोडले असते. येशूसमोरून बारा शिष्य सरकत जातात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. धाकट्यानं त्याला लगेच उत्तर दिलं. अख्ख्या कॅथेड्रलनं ते ऐकलं.

त्याच घड्याळात खाली आणखी एक खेळ चालतो. दर पाव तासाला एकेक बाहुली मृत्यूसमोरून जाते. आधी बाळ, मग तरुण, मग प्रौढ, शेवटी म्हातारा. प्रत्येकजण जाताना घंटा वाजवतो. तासाचे टोले मात्र मृत्यू देतो, आणि तो जागचा हलत नाही.

"म्हाताऱ्यानंतर कोण येतं?" थोरलीनं विचारलं.

"पुन्हा बाळ."

"तेच?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. तेवढ्यात धाकट्याला शू लागली.