डीप पर्पल, ११७ डेसिबल आणि आप्पा

"हाऊ काय कल्ला शे रे!" डीप पर्पल या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाविषयी आमच्या घरात उमटलेला हा पहिला अभिप्राय आप्पांचा होता. मे महिन्यातल्या दुपारी, जळगावच्या उन्हात, कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी मी आवाज चढवला होता आणि त्यामुळे त्यांची झोप मोडली होती, तेव्हा तो अगदीच निःपक्षपाती नव्हता.

तथापि व्यावसायिक समीक्षकही हार्ड रॉकशी, म्हणजे रॉकच्या या जोरकस प्रकाराशी, फारसे वेगळे वागले नाहीत. लेड झेपेलिन या दुसऱ्या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमला १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने फटकारले आणि २००३ मध्ये त्याच नियतकालिकाने तो सर्वोत्तम पाचशे अल्बमांच्या यादीत घेतला. डीप पर्पलच्या वाट्याला तर एक आकडाच आला. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधील त्यांच्या कार्यक्रमात आवाज ११७ डेसिबलपर्यंत गेला आणि तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले, अशी नोंद गिनेस बुकाने केली. चाहते हा आकडा अजूनही मिरवतात. मात्र मोजमाप ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे अंतराविना डेसिबल सांगणे म्हणजे माप न सांगता भाव सांगण्यासारखे आहे. 'द हू' या आणखी एका रॉक वाद्यवृंदाच्या १९७६ च्या लंडनमधील चार्ल्टन येथील विक्रमाबाबत निदान १२६ डेसिबलबरोबर ३२ मीटर हे अंतरही सांगितले जाते.

त्याच १९७२ च्या ऑगस्टमध्ये, १५ आणि १६ तारखेला ओसाका येथे व १७ ला टोकियोत झालेल्या कार्यक्रमांतून 'मेड इन जपान' हा अल्बम तयार झाला. त्यात गायक इयन गिलान रंगमंचावरूनच, सगळे काही इतर सगळ्यापेक्षा मोठे ऐकू येऊ द्या, अशी अशक्य मागणी करतो. ही थट्टा खरी. पण त्यातल्या 'चाइल्ड इन टाइम' या गीताची बारा मिनिटे ऐकल्यावर या वाद्यवृंदाला मोठा आवाज कशासाठी हवा होता, ते उमगते. सुरुवातीला जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन अगदी हलका वाजतो आणि गिलान जवळजवळ कुजबुजतो. मग शब्द सोडून त्याचा स्वर पायरीपायरीने किंकाळीपर्यंत चढतो, रिची ब्लॅकमोरची गिटार उसळते, आणि पुन्हा सारे शांत होते. लॉर्ड आपला ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवीत असे, म्हणून त्याच्या स्वराला ती खरखरीत धार येई. आमच्याकडच्या वरातीतला डीजे पहिल्या क्षणापासून टोकाला असतो, त्यामुळे त्याला चढायला जागाच उरत नाही (आणि खिडक्यांच्या काचांना विसावा). गोंगाट म्हणायचे तर त्याला म्हणावे.

पुढच्या रविवारी मी आप्पांना हेच गीत मुद्दाम ऐकवले. ऑर्गन सुरू होताच ते म्हणाले, "पेटी बरी वाजाडस हाऊ." किंकाळ्या आल्यावर मात्र त्यांनी उठून आवाज निम्मा केला, आणि शेवटी ऑर्गन पुन्हा मंद झाला तेव्हा कूलरपुढे त्यांना काहीच ऐकू येईना.

"बंद पडनं का रे?" त्यांनी विचारले.